ओळखीचे कोणी नसलेला उतार

"सोलंग नाई पायजे, गुरुजी."

मी नकाशावरचे बोट उचलले नाही. शाळेत भूगोल शिकवताना लागलेली ही सवय आहे. समोरच्याचे उत्तर पटले नाही, तरी बोट तिथेच ठेवावे. त्याला आणखी एकदा पाहू द्यावे.

"का नको?" मी विचारले.

"तिथं आपल्याकडचे लोक लय येते," बापूराव म्हणाले.

नव्वदचे दशक संपत आले होते. शिक्षकाची नोकरी लवकर सोडून मी वर्ध्यात छोटे ट्रॅव्हल ऑफिस उघडले होते. बापूराव आर्वीचे कापड दुकानदार. त्यांना घरच्या मंडळींना घेऊन बर्फावर जायचे होते, आणि नुसता बर्फ पाहायचा नव्हता. स्कीइंग करायचे होते. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ. आमच्या भागातून अशी मागणी घेऊन तोपर्यंत माझ्याकडे कोणी आले नव्हते. वैष्णोदेवी, चारधाम, एवढ्यावर आमचे गिऱ्हाईक समाधानी असे.

मी त्यांना पद्धतशीर समजावले. नवशिक्यांसाठी जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे उतार मंद असावा. दुसरी, तिथपर्यंत गाडी जावी. तिसरी सर्वांत महत्त्वाची: उताराच्या शेवटी सपाट जागा असावी. हिला रन-आउट म्हणतात. ज्याला थांबता येत नाही तो तिथे आपोआप थांबतो. मनालीजवळच्या सोलंगला हे तिन्ही होते. शिवाय मनालीत पिठलेसुद्धा मिळे.

"पिठल्यासाठी एवढ्या दूर कोण जाते?" बापूराव म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"माहा संजय गेला, ते तुमाले मालूम आहे."

मला माहीत होते. संजय त्यांचा एकुलता मुलगा. लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते, आणि पुलगावच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला.

"सून आमच्यापाशीच आहे. वैशाली. कोणी काही म्हणत नाई तिले. पण घराबाहेर पाय ठेवत नाई. कॉलेजात खो-खो खेळत होती, गुरुजी, वाऱ्यासारखी. आता दुपारभर गहू निवडते. निवडलेलाच पुन्हा निवडते." ते थांबले. "मागं टीव्हीवर एक गोरा माणूस बर्फावरून घसरत होता. मस्त ऐटीत आला अन् धाडकन उताणा पडला. वैशाली हसली. जोरानं हसली! मंग तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. काऊन तं, शेजारची बाई बसून होती घरात."

मी नकाशावरचे बोट उचलले.

"तिले तसं पडता आलं पायजे अन् हसता आलं पायजे. अन् पाहाले आपल्याकडचं कोणी नसलं पायजे. अशी जागा सांगा."

ग्राहक आपली गरज इतक्या नेमकेपणाने सहसा सांगत नाही. मी नव्याने निवड केली. गुलमर्गचा उतार उत्तम, पण त्या वर्षांत काश्मीरला कुटुंब पाठवणे मला मान्य नव्हते. कुफ्रीला बर्फाचा भरवसा नव्हता. राहिले गढवालमधले औली. हरिद्वारपासून जोशीमठपर्यंत मोटारीचा लांब, वळणांचा प्रवास. तिथून रोपवेने, म्हणजे तारेवरच्या डब्यातून, वर. रस्ता त्रासाचा होता. म्हणूनच आमच्याकडचे कोणी हिवाळ्यात तिकडे जात नसे. उताराच्या शेवटी सपाट जागा होती. औली ठरले.

निघालो तेव्हा बापूराव, त्यांच्या पत्नी शांताबाई, मुलगी, जावई, त्यांची दोन लेकरे, वैशाली आणि मी, असा ग्रुप होता. वैशाली फिकट राखी साडीत होती आणि तिचे हात बांगड्यांविना मोकळे होते. देवप्रयागच्या पुढे सगळ्यांना उलट्या झाल्या. तिने सगळ्यांना लिंबू दिले.

जोशीमठला भाड्याच्या कपड्यांचे दुकान होते. बर्फावर साडी चालत नाही. जॅकेट, पॅंट आणि बूट घ्यावेच लागतात. वैशालीच्या मापाचे एकच जॅकेट निघाले, आणि ते लालभडक होते. तिने ते परत ठेवले.

"मी खाली बसून पाहीन, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.

शांताबाईंनी जॅकेट उचलले, झटकले आणि तिच्या खांद्यावर टाकले. "घाल वो बाई. थंडीले का रंग राह्यते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उतारावर होतो. शिकवणारा गढवाली तरुण हसतमुख होता. थांबण्याची पहिली रीत त्याने दाखवली: दोन्ही पट्ट्यांची टोके पुढे जुळवायची, टाचा बाहेर ढकलायच्या. त्याला स्नो-प्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगर.

"नांगर तं माह्या बापानं धरला," बापूराव म्हणाले. "मी कापड मोजणारा माणूस. मले कसा जमन?"

नाहीच जमला. ते सुटले, जावयावर आदळले आणि दोघे एकमेकांच्या पट्ट्यांत अडकून बसले. लेकरे ओरडली. वैशाली वरून येत होती. तिच्या वाटेतच हे दोघे पसरले होते.

"मामाजी, सरका ना! मले थांबता येऊन नाई राह्यलं!"

ती सासऱ्याच्या बाजूने गेली, गरकन फिरली आणि बर्फात उताणी पडली. आणि हसली. तोंडावर हात न ठेवता, पोट धरून. बापूरावांनी पडल्यापडल्या माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते. माझे काम झाले, असे मला वाटले.

त्याच वेळी खालच्या बाकावरून एक बाई उठून आली. जाड स्वेटर, कानाला मफलर.

"अवो, तुमी आपल्याकडचे दिसता. आर्वी का वर्धा?"

ती हिंगणघाटची होती. नवरा सरकारी नोकरीत. ते एलटीसीवर आले होते. एलटीसी म्हणजे सरकारी नोकराला मिळणारी प्रवासाची सवलत. ही सवलत माणसाला कुठे नेऊन ठेवील, ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी ही शक्यता धरली नव्हती, आणि कोणी धरलीही नसती.

"आर्वी," बापूराव म्हणाले. ते अजून बर्फातच बसले होते.

"अन् ही पोरगी?"

लाल जॅकेटमधली वैशाली उठून उभी राहिली होती. तिचे हसू थांबले होते. हातमोजा निघून पडला होता. तो ती उचलत होती.

"माही पोरगी," बापूराव म्हणाले.

"धाकटी का? लग्न व्हायचं असन."

"हो. पाहून राह्यलो."

ते शब्द सहज निघाले. बाई मान हलवत म्हणाली, "चांगली आहे पोरगी. आर्वीले आली तं दुकानात येईन मी," आणि गेली. वैशालीने पट्ट्या सोडल्या, खांद्यावर घेतल्या आणि बाकावर येऊन बसली.

थोड्या वेळाने तिने मला विचारले, "सर, मामाजी खरं बोलले, का त्या बाईले टाळाले बोलले?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ते खरे होते.

"मले याच्यासाठीच आणलं का इथं?"

"नाही. तू हसावीस म्हणून आणलं."

"मंग हसली ना मी." तिने बुटावरचा बर्फ काढला. "तेवढ्यावरच थांबाचं होतं. मी गेली तं त्यायच्यापाशी कोण आहे, सर?"

सायंकाळी रोपवेच्या डब्यात आम्ही खाली येत होतो. वैशाली लेकरांना घेऊन पलीकडच्या काचेपाशी उभी होती. माझ्या शेजारी शांताबाई नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी बोलले ते ऐकलं मी."

"तोंडातून निघून गेलं."

"निघालं ते बरं झालं. माह्या तोंडातून निघत नव्हतं."

शांताबाईंनी तळहाताने काचेवरची वाफ पुसली आणि दोघे खालचे झाड न् झाड पाहत राहिले.

शेवटच्या सकाळी वैशाली पुन्हा उतारावर गेली. आता तिचा नांगर नीट लागत होता. ती वरून आली आणि बापूरावांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, अचूक थांबली. शिकवणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. ती पडली नाही. हसलीही नाही.

हिंगणघाटची ती बाई खरोखरच आर्वीला दुकानात आली. बापूरावांनी तिला सगळे खरे सांगितले. "मले तिथंच समजलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "हातमोजा पडला तवा मनगट दिसलं. लग्नाची पोरगी एवढा मोकळा हात ठेवत नाई." मग तिने आपल्या नात्यातल्या एका शिक्षकाचे नाव सांगितले. बायको बाळंतपणात गेलेला, यवतमाळकडचा. वैशालीने बराच काळ नकार दिला. शेवटी होकार दिला तो शांताबाईंनी जेवण सोडले तेव्हा. लग्न आर्वीच्या घराच्या अंगणातच झाले. सासू-सासऱ्यांनी सुनेचे कन्यादान केले. गावात थोडी कुजबुज झाली, मग कापसाचा हंगाम आला आणि ती थांबली. निघताना वैशाली शांताबाईंच्या गळ्यात पडली. बापूराव मात्र दुकानात जाऊन बसले होते. शटर अर्धे ओढलेले होते.

पुढच्या थंडीत ते माझ्या ऑफिसात आले. वजन उतरले होते. मी चौकशी केली. वैशाली बरी आहे, म्हणाले. नवरा समजूतदार आहे. फोन करते, पण फार वेळ बोलत नाही.

"या वर्षी कुठे?" मी नकाशा पसरला.

"दोघंच आहो आता. शांता घरात बसून राह्यते. गहू निवडते." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गुरुजी, जिथं आपल्याकडचे लोक लय येते, तिथं पाठवा."

मी सोलंगवर बोट ठेवले. या वेळी त्यांनी मान हलवली.

आता मी हा धंदा बंद केला आहे. तरीही ओळखीतले कोणी बर्फाची जागा विचारायला आले, की मी मंद उतार, गाडीरस्ता आणि शेवटची सपाट जागा, एवढे सांगतो. तिथे कोण भेटेल आणि कोण भेटणार नाही, याची हमी मात्र मी देत नाही. कोणत्याही ट्रॅव्हल ऑफिसने देऊ नये.