जांभळावरचा शिक्रा आणि नाईक काकूंची चादर

खरं तर हे मी सांगायचं नाही असं ठरलं आहे. एकदा नाही, दोनदा ठरलं आहे, तेही दोन वेगवेगळ्या माणसांशी. म्हणून बिल्डिंगचं नाव सांगत नाही. मुलुंड पूर्वेला जांभळाची झाडं पुष्कळ आहेत, शोधत बसा.

पण किस्से साठतात, त्याला मी काय करू? पक्ष्याचा फोटो काढायला गच्चीवर जावं, तर पक्षी उडून जातो आणि किस्सा तेवढा उरतो. धूसर फोटो डिलीट करता येतात, किस्से करता येत नाहीत.

आमचं गच्चीवरचं मंडळ तिघांचं. तिसऱ्या मजल्यावरचे सावंत काका बँकेतून रिटायर झालेले, मूळचे देवगडकडचे. हातभर लेन्सवाला कॅमेरा त्यांचा. माझी मैत्रीण तन्वी सगळ्यांच्या वाटचं बोलते. आणि मी दहावीत, तिच्या बरोबर उलटी. काकांचा जुना कॅमेरा माझ्याकडे असतो. कॅमेरा डोळ्याला लावला की कुणी आपल्याला काही विचारत नाही, हे मला फार आवडतं.

*

काकांनी सुरुवातीलाच जंगलात घालायचं जॅकेट विकत घेतलं. हिरवं, त्यावर मातकट पानं. पक्ष्यांना आपण दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या गच्चीला वॉटरप्रूफिंगचा पांढराशुभ्र रंग आहे. ऐन एप्रिलच्या उन्हात त्या पांढऱ्यावर काका जॅकेट घालून, टाकीला पाठ लावून श्वास रोखून उभे राहायचे.

तन्वीने त्यांना चारही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही स्टेशनवरूनसुद्धा दिसता."

"पक्षी स्टेशनार नसतत," काका म्हणाले, आणि जॅकेटची वरची चेनही लावली.

*

काकांचं स्वप्न एकच, शिक्रा. हा छोटा ससाणा असतो, कबुतराएवढा, छातीवर आडव्या रेघा आणि लालभडक डोळा. एक दिवस समोरच्या बिल्डिंगच्या डिशवर तो येऊन बसला. रेघा होत्या, ऐट होती. काकांनी इतके फोटो काढले की कार्ड भरलं. बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, "आमच्या गच्चीवरचा राजा." दोन दिवस अभिनंदन चालू होतं.

तिसऱ्या दिवशी राजा पुन्हा त्याच डिशवर आला, मान उंच केली आणि भर सोसायटीत ओरडायला लागला. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.

पावशा! लांबून तो हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो, तोंड उघडेपर्यंत.

काकांनी कॅमेरा हळूच खाली ठेवला. तन्वीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचा राजा शेतकरी निघाला."

*

शिक्रा नसेल त्या दिवशी काका आम्हाला अभ्यास द्यायचे. जे समोर आहे त्याचे फोटो काढा, म्हणायचे. मग आम्ही दोरीवरचे मोजे, वाळत घातलेल्या कुरडया, पार्किंगमधल्या बोनेटवर झोपलेली मांजर, असं काय काय काढायचो. मी एकदा कावळ्याच्या घरट्याचा फोटो काढला. आमच्याकडचे कावळे काटक्यांच्या भानगडीत पडत नाहीत. तारा, हॅंगर, केबलचे तुकडे, सगळं लोखंडी काम.

त्या आठवड्यात काकांचा चष्मा हरवला होता आणि त्यावरून घरात काकींशी जोरदार वाजलं होतं. मी फोटो झूम केला, तर हॅंगरमध्ये नीट अडकवलेला तपकिरी फ्रेमचा चष्मा. मी धावत काकांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात कॅमेरा दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"माका काय्येक दिसना नाय गो."

आतून काकी म्हणाल्या, "कसं दिसेल? चष्मा कावळ्याने लावलाय."

*

आणि मग गेल्या मार्चमध्ये खराखुरा शिक्रा आला. नुसता आला नाही, नर-मादीच्या जोडीने बिल्डिंगच्या मागच्या जांभळावर घरटं बांधलं.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत एक नियम असतो, घरटं कुठे आहे ते सांगायचं नाही. कळलं की माणसं जमतात, फ्लॅश मारतात, रील काढतात, आणि पक्षी अंडी टाकून निघून जातात. काकांनी आम्हाला टाकीमागे नेऊन बजावलं, "कोणाक सांगूचा नाय. घराकसुद्धा नाय." ही माझी पहिली शपथ.

अडचण एकच होती. आमची बिल्डिंग मागे काटकोनात वळते, त्यामुळे गच्चीवरून घरट्यावर लेन्स धरली की ती बरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या नाईक काकूंच्या किचनच्या खिडकीवर जायची. नाईक काकू म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्यासमोर वॉचमनसुद्धा श्वास हळू घेतो. एका सकाळी त्या खिडकीतून म्हणाल्या, "सावंत, ते नळकांडं दुसरीकडे वळवा."

काकांना खरं कारण सांगता येईना. ते म्हणाले, ढगांचे फोटो काढतोय. मेच्या सुरुवातीचं आकाश, एक ढग नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी खिडकीबाहेरच्या दांडीवर डबल बेडची चादर टाकली. पिवळ्या फुलांची, ती अगदी आमच्या आणि घरट्याच्या मध्ये. आम्ही गच्चीवर पोचलो की चादर हजर. माझ्याकडे त्या चादरीचे भरपूर फोटो आहेत. फुलं फार शार्प आली आहेत.

*

खरी भीती वेगळीच होती. जांभळं पडून पार्किंगमधल्या गाड्यांवर डाग पडतात. शिवाय त्या झाडाच्या एका मोठ्या फांदीमुळे किचनमध्ये अंधार येतो, अशी नाईक काकूंची जुनी तक्रार. हिवाळ्यातल्या मीटिंगमध्ये त्यांनीच मागे लागून छाटणी ठरवली होती. तेव्हा घरटं नव्हतं. आता परवानगी आली होती, आणि घरटं नेमकं त्याच फांदीवर होतं. आत दोन पिल्लं.

सांगितलं तर सगळ्या कंपाउंडला कळणार. नाही सांगितलं तर फांदी जाणार. काका म्हणाले, छाटणीला अजून कोणी येत नाही, बघू. आणि आंब्यांसाठी देवगडला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "तू आसस ना हय, बघ."

छाटणीवाले दुसऱ्याच दिवशी आले. तन्वी क्लासला गेली होती. मी शिडीजवळ जाऊन उभी राहिले. जिन्यात एक वाक्य पाठ केलं होतं, "ही फांदी तोडू नका." चारच शब्द, पण बाहेर एकही येईना. माणूस दोर घेऊन वर चढला. त्याने कोयता फांदीला लावून अंदाज घेतला. मी शिडी नुसती घट्ट धरून ठेवली. खालचा माणूस मला बाजूला हो म्हणाला, तरी सोडली नाही.

तेवढ्यात नाईक काकू खाली आल्या. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"ती फांदी सोडा. बाकीचं काढा."

पार्किंगमधले शहाकाका म्हणाले, "काकू, तुम्हीच तर म्हणत होता, किचनमध्ये अंधार येतो."

"आता नाही येत."

"झाड तर तेच आहे."

"किचन माझं आहे," काकू म्हणाल्या. छाटणीवाला खाली उतरला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिडी सोड आता. आणि वर ये."

*

त्यांच्या किचनमध्ये दिवा बंद होता. खिडकी दोन बोटं उघडी. चादरीच्या कडेने पाहिलं, तर शिक्र्याची मादी इतकी जवळ, की तिच्या डोळ्यात मला खिडकी दिसली. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरड्याचे तुकडे करून पिल्लांना भरवायला लागली. कुकरची शिट्टी झाली, तरी ती हलली नाही.

काकूंनी मोबाईल उघडून दिला. अंडी, मग कापसासारखी पिल्लं, मग उघड्या चोची. काकांच्या हातभर लेन्सला एवढं कधी मिळालं नव्हतं.

मी चादरीकडे बोट दाखवलं.

"तुमच्या काकांचं ते जॅकेट गच्चीवर दिसलं की ही उठून जायची," काकू म्हणाल्या. "पिल्लं उपाशी. म्हणून टाकते. कुणाला बोलायचं नाही. सावंतांना तर मुळीच नाही." ही माझी दुसरी शपथ.

काका आंबे घेऊन परत आले, धावत गच्चीवर गेले आणि फांदी जागेवर बघून माझ्याकडे वळले. "तूच वाचवलंस गो!" मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत राहिले. न बोलणाऱ्यांचा हा एक फायदा असतो.

*

यंदा जोडी परत आली आहे. चादरही. मी आता बहुतेक दुसऱ्या मजल्यावर असते. काकू मला हाक मारत नाहीत, उलथनं तव्यावर दोनदा वाजवतात. पक्ष्यांना त्याची सवय आहे.

काल चुकून माझा एक फोटो काकांच्या हाती लागला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला. चष्मा होता.

"हो फोटो खंयसून काढलंस गो?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"आणि ह्या कोपऱ्यात काळा काय ता? कुकराच्या दांड्यासारखा?"

तन्वी तोंड दाबून जिन्यात पळाली. काकांनी चष्मा पुसला, खाली वाकून पिवळ्या फुलांच्या चादरीकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं, आणि हळूहळू जॅकेटची चेन खाली ओढत मला म्हणाले, "म्हणजे ती चादर ह्या जॅकेटासाठी..."

थांबा, उलथनं वाजलं. दोनदा. म्हणजे पिल्लू बहुतेक आज उडणार...