पुलापलीकडचं पोस्टर

खळमावशीला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवऱ्यामागं तिनं सिनेमाची पोस्टरं चिकटवायचं काम हाती घेतलं आणि बघता बघता बादलीतली खळच तिच्या नावाला चिकटली. बाई तोंडानं फटकळ. खळीत गुठळी राहिली तर बादलीला शिव्या, भिंतीवर कुणी पचकन थुंकलं तर त्याच्या सात पिढ्यांना.

जन्मभर तिनं दुसऱ्यांची तोंडं भिंतीला लावली. त्यात तिच्या लोकांसारखं तोंड कधी नव्हतंच. असलंच तर कोपऱ्यात, हातात ट्रे नाहीतर चाकू घेऊन. पुलाच्या अलीकडे हे काळे, कुरळ्या केसांचे लोक, पलीकडे गोऱ्यांचे बंगले आणि मोठं थिएटर. कायद्यानं दोघं सारखे, असं शाळेच्या पुस्तकात छापलेलं. छापायला काय जातंय!

आणि अशात ठकी हिरॉईन झाली. ठकी म्हणजे मावशीच्या बहिणीची पोर. बहीण गेली तेव्हा एवढीशी होती, मावशीनंच तिला लहानाची मोठी केली. हिच्याच शिडीवर उभी राहून ती अख्ख्या गल्लीच्या नकला करायची. आता सिनेमाभर पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच होती. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. "थिएटरसमोरच्या भिंतीवर माझ्या पोरीचं तोंड मी माझ्या हातानं लावणार," हे तिनं विचारणाऱ्याला सांगितलं, न विचारणाऱ्याला तर दोनदा सांगितलं. तेवढं एकदा झालं की देवानं कधीही उचलावं, म्हणायची.

सिनेमा लागायच्या सकाळी ती गोदामात गेली. मुकादम आपल्यातलाच, पण सिनेमावाल्या साहेबाच्या ताटाखालचं मांजर. त्यानं दोन गठ्ठे पुढं सरकवले.

"हा पुलाच्या अलीकडे, हा पलीकडे. पलीकडचा गडी तापानं पडलाय म्हणून तुला देतोय. गल्लत करू नकोस."

मोठं पोस्टर तुकड्यातुकड्यांत येतं. मावशीनं पलीकडच्या गठ्ठ्यातले तुकडे जमिनीवर जुळवले. कपाळ आलं, डोळे आले, हनुवटी आली. चेहरा गोरापान. सिनेमात दुकानात उभी राहते आणि दोन वाक्यं बोलून जाते, ती मुलगी. ठकी होती खालच्या कोपऱ्यात, पाठमोरी.

"अरे, ही कोण सटवी? माझी पोर कुठाय?"

"मावशी, हळू. साहेबांच्या मनात तसलं काही नाही गं. पण पलीकडचे लोक काळं तोंड बघून तिकीट काढत नाहीत, त्याला ते तरी काय करणार?"

"तू तुझं तोंड काळं कर आधी!" मावशी कडाडली, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच चपापली. शिवी द्यायलासुद्धा दुसरा रंग नव्हता मेला.

मग ती खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. मुकादमाला वाटलं, म्हातारी वठणीवर आली. तिनं दोन्ही गठ्ठे गाड्यावर टाकले, बादली अडकवली, पूल ओलांडला आणि थिएटरसमोरच्या भिंतीवर अलीकडचं पोस्टर लावलं. एक जोड कुठं चुकला नाही. ठकी भिंतीभर हसत होती. मावशी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि भर रस्त्यात रडली.

एक गोरी म्हातारी थांबली. "ही कोण हो?"

"हिरॉईन."

"गोड आहे की," म्हातारी म्हणाली आणि तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बघा, झालं काही? आभाळ कोसळलं? रांग होती तशी सरकत होती.

दुपारी गाडी येऊन थांबली. साहेब येणार हे मावशी धरूनच होती, चार सणसणीत शिव्या जिभेवर तयार ठेवल्या होत्या. गाडीतून उतरली ठकी.

"मावशी, हे काय करून बसलीस?"

"तुझं तोंड लावलंय. बघ तरी!"

ठकीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "दुसरं लाव यावर. आत्ताच्या आत्ता. साहेबाचा फोन आला होता. हे राहिलं तर पुढच्या सिनेमातून माझं नाव कटणार."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सही केलीय मी. दोन पोस्टरं निघणार म्हणून." ठकी म्हणाली. "मीच मुकादमाला बजावलं होतं, पलीकडचं काम मावशीला देऊ नका."

मावशीच्या जिभेवरच्या शिव्या तिथंच वाळल्या. कुणाला देणार? साहेब समोर नव्हता. जी समोर होती तिला ताप आला की मावशीनं रात्ररात्र मांडीवर घेतलं होतं.

"मला काम करायचंय गं, मावशी," ठकी म्हणाली. "घरी बसून काळी राहण्यापेक्षा पाठमोरी तर पाठमोरी."

मावशीनं शिडी लावली. ठकीनं साडीचा पदर खोचला आणि खालून शिडी धरली. मावशीनं पोरीच्या कपाळावरून खळीचा कुंचा फिरवला, मग डोळ्यांवरून, मग त्या हसण्यावरून, आणि एकेक गोरा तुकडा वर बसवत गेली. पण कागद पातळ, त्यात ओला. गोऱ्या गालातून ठकीचा गाल वर आला, निळ्या डोळ्यांमागून तिचे डोळे बघायला लागले. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

"मावशी, मी दिसतेय गं अजून," ठकी घाबरून म्हणाली.

मावशीनं वरून पुन्हा कुंचा फिरवला.

"वाळलं की नाही दिसणार," ती म्हणाली.