यांच्यासमोर जेवताना

आमच्या घरात आधी हे जेवायचे, मग मी. असा नियम कुणी घातला नव्हता. सासूबाई तशा जेवायच्या, माझी आई तशीच जेवायची, म्हणून मीही. नाहीतर मी काही गरीब गाय नव्हे. झरीजवळच्या आमच्या गावात वीस-बावीस वर्षं अंगणवाडी चालवते, सरपंचाला तोंडावर बोलते, आणि यांच्याशी भांडल्याशिवाय तर माझा दिवस सुरू होत नसे. पण जेवण म्हणलं की यांचं ताट उचलल्यावरच, स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून, पातेल्यात उरलं असेल ते. एकतीस वर्षांच्या संसारात यांनी मला धड जेवताना पाहिलंच नव्हतं, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतर यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ समजून गावठी औषध घेतलं, त्यात महिना गेला. मग परभणी, तिथून संभाजीनगर. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत पोचलेला. डॉक्टर भला माणूस. ऑपरेशन होणार नाही, उगाच हाल करू नका, असं त्यानं समोर बसवून सांगितलं. "घरी न्या. आवडेल ते द्या, जाईल तेवढंच द्या." गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे यांना खाऊ घालायचं. बाकी सगळं मी तिथंच सोडून आले.

आणि खाऊ घालणं हे तर माझं कामच. गावातले आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं आजीजवळ राहिलेली, हातापायाच्या काड्या झालेली पोरं माझ्याकडं यायची. कधी गोडीगुलाबीनं, कधी डोळे वटारून दोन घास जास्तीचे घातले की महिन्या-दोन महिन्यांत गालफडं भरून यायची. मला वाटलं, हे एक मोठं पोरगं. याला काय, आणीन ताळ्यावर.

काय काय केलं नाही! ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या. मुगाचं पातळ वरण, शेवयाची खीर, आंबट चुका, लिंबाचं लोणचं नुसतं चाटायला. दोन घास झाले की हे ताट सरकवायचे. फोडणीचा वास आला की यांना उमळून यायचं, म्हणून गॅसची शेगडी मागच्या अंगणात नेली आणि थंडीत तिथं बसून स्वयंपाक केला. दर सोमवारी अंगणवाडीतला मोठ्यांचा वजनकाटा घरी आणून त्यावर उभं करायची, काटा दर वेळी खालीच. मग मी चिडायची. "आवं, एवढं करून आणलंय, तुमाला त्याचं काही हाय का न्हाई?" पूर्वी एकाला दोन उत्तरं देणारा माणूस, आता नुसता बघायचा. त्यानं मला जास्तच राग यायचा.

बघायला येणारे येतच होते. कुणी गव्हांकुराचा रस सांगायचं, कुणी पपईची पानं. चहा पिऊन जाताना म्हणायचे, "खायलेच न्हाईत म्हणल्यावर कसं व्हावं?" आणि बघायचे माझ्याकडं. मी काय यांच्या तोंडाला कुलूप लावून बसले होते? सेलूच्या नणंदबाई, यांच्या थोरल्या बहीण, पुरणपोळी घेऊन आल्या. यांनी त्यातली अर्धी खाल्ली. नणंदबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ, माया असली की खातंय माणूस." माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या बसमध्ये चढल्या असतील-नसतील, यांना उलटी झाली. ती मी पुसली, चादर धुतली, आणि नणंदबाईंना फोन करून मुद्दाम सांगितलंही. खोटं कशाला बोलू, सांगताना बरं वाटलं.

माझं स्वतःचं जेवण मात्र पार बिघडलं होतं. हे जेवले की जेवायचं, ही सवय. हे जेवायचेच नाहीत. दोन वाजायचे, तीन वाजायचे, मी ताट झाकून बसायची. मग चहात दोन बिस्किटं बुडवायची आणि पुढच्या कामाला लागायची. एकदा पोरांना खिचडी वाढता वाढता डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी खालीच बसले. आमची मदतनीस बाई घरी सोडायला आली आणि यांच्यासमोरच म्हणाली, "ताईच्या पोटात सकाळपासून काही न्हाई, दादा. तुमी जेवल्याबिगर जेवतच न्हाईत त्या."

दुसऱ्या दिवशी यांनी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. संध्याकाळी वाटीभर वरण. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. मी तर हवेतच! पुण्याला लेकीला व्हिडिओ कॉल करून रिकामी वाटी दाखवली. "बघा, जमतंय का न्हाई?" म्हणून यांनाही चिडवलं. हे हसले. ताट माझ्या हातात देऊन म्हणायचे, "झालं माझं. जा, आता तू जेव." आठवडाभर मी पोटभर जेवले, आणि रागावलेही नाही.

एके दिवशी अंगणवाडीतून तासभर आधीच घरी आले. बाज रिकामी. मागच्या अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला हे भिंत धरून वाकले होते. दूध-भाकरी सगळी बाहेर पडलेली. एक हात पोटावर, आणि पायानं त्यावर माती लोटत होते. पाय नीट उचलतही नव्हता. त्या मातीखाली कालचं होतं, परवाचंही होतं.

मी काय केलं? भांडले. दुसरं येतंय काय मला! "मला फसवायलाव? हे कशापायी?" शेजारपाजारच्या कानावर जाईल एवढ्यानं ओरडले. हे तसेच भिंतीला टेकून म्हणाले, "कशाला ओरडायलीस? मी न्हाई खाल्लं की तू न्हाई खात. दुसरा काय इलाज होता मला?" ज्या घासांसाठी मी लेकीला फोन केला, त्यातला एकेक घास यांनी माझ्या पोटासाठी सोसला होता. हात धरून यांना बाजेवर आणलं, तोंड धुतलं आणि पायथ्याशी बसून रडले. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, या आजारात भूकच मरते. शरीराला आता अन्न सोसत नाही. तुमच्या हातात खोट नाही." एवढं एक वाक्य ऐकायला मी दोन महिने आसुसले होते.

त्या दुपारी हे म्हणाले, "ताट वाढून आण. तुझं. हितं बस माझ्यासमोर." यांच्या पोटात थेंब नाही आणि मी पुढ्यात बसून भाकरी मोडू? पाठ फिरवून बसले, तर म्हणाले, "इकडं तोंड कर." पहिला घास फिरत राहिला, खाली उतरेना. हे बघत होते. मग बारीक आवाजात म्हणाले, "एवढं हळू खातीस व्हय? मला वाटलं भांडतीस तशीच खात असशील." मला ठसकाच लागला, आणि दोघंही हसलो.

मग रोजचंच झालं. काटा बंद, वाट्या मोजणं बंद. हे मागतील तेव्हा चमचाभर ताक, नाहीतर ओल्या कापडानं ओठ पुसायचे. आणि दुपारी मी जेवायची, हे बघायचे. "कांदा न्हाई का आज? फोड की." "तेल घे ठेच्यावर." यांचं दुखणं काही कमी नव्हतं, गोळीचा अंमल उतरला की बाजेची दोरी धरून कण्हायचे. पण आमचं ताटावरचं भांडण मिटलं होतं, आणि राहिलेले दिवस तरी आमचे आम्हाला मिळाले.

नणंदबाई परत आल्या त्या नेमक्या माझ्या जेवायच्या वेळी. दारातच थबकल्या. "माज्या भावाच्या तोंडात घास न्हाई, अन् तू त्याच्यापुढं बसून हादडायलीस? बाईमाणूस हाईस का कोण?" माझा हात ताटातच राहिला. बाजेवरून हे म्हणाले, "अक्का, पिशवी ठेव. तिला भाकरी वाढ." त्या ऐकेनात, तर परत म्हणाले. शेवटी थोरल्या नणंदबाईंनी धाकट्या भावजयीला वाढलं. रडत वाढलं. मी रडत खाल्लं.

शेवटच्या दिवशी हे डोळे उघडत नव्हते. श्वास अडकत अडकत चालला होता. लेक पुण्याहून निघालेली, नणंदबाई उशाशी. दुपार झाली. मी उठले, ताट वाढून आणलं आणि रोजच्या जागी बसले. आजूबाजूच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, पाहू दे. यांना दिसत नव्हतं, म्हणून कांदा मुद्दाम कडाकडा चावला. भाकरी मोडताना "ठेचा लय तिखट झालाय आज" असं मोठ्यानं सांगितलं. दोन्ही भाकऱ्या संपवल्या. मग कानाशी वाकून म्हणलं, "आवं, जेवले मी. पोटभर."

दिवस मावळायच्या आत हे गेले. लेक पोचायची होती, म्हणून माती दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. तोवर घरात चूल नाही, कुणाच्या पोटात पाणी नाही. बाया धरायला आल्या, मला धरावं लागलं नाही. यांच्यासमोर जेवलेल्या त्या दोन भाकऱ्यांवर मी सगळं होईपर्यंत उभी होते.