अक्काच्या डोळ्यातला कापूस

अक्का माझी थोरली बहीण. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. सत्तरी ओलांडली तरी शेतात जाणं तिनं सोडलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती धुळ्याला माझ्याकडे आली, ती डोकं दुखतं म्हणून. कंगवा लावला की उजव्या कानशिलाला आग होई, त्यामुळे ती वेणीच घालत नव्हती. जेवताना अर्ध्या भाकरीत तिचा जबडा भरून येई. आम्हाला वाटलं, दात असतील.

एका सकाळी मेथी निवडता निवडता तिचे हात थांबले.

"भाऊ, उजवा डोयानी काहीच दिखत नही शे," ती म्हणाली. नळाचं पाणी गेल्याचं सांगावं, इतक्या शांतपणे.

मी उठून तिच्याजवळ जाईपर्यंत नजर परत आली होती. मोतीबिंदू असेल असं मनाशी धरून मी तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी डोळ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, भाकरी चावताना जबडा दुखतो का?"

अक्का माझ्याकडे बघायला लागली. जबड्याबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. "तुमले कोणी सांगं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या कानशिलावर बोटं टेकवली, मग मलाही तिथं बोट ठेवायला सांगितलं. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी कडक लागलं. डाव्या बाजूला शीर टुकटुक उडत होती, उजवीकडे काहीच हालचाल नव्हती. मी हात काढून घेतला. इतकी वर्षं मी या बहिणीच्या शेजारी बसत आलो होतो, पण तिच्या कानशिलाला कधी हात लावून बघितला नव्हता.

मग एकेक डोळा झाकून अक्षरं वाचून झाली. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण आधी एका डोळ्यासमोर धरलं, मग दुसऱ्या. "दोन्हीकडे सारखंच लाल आहे?"

"उजवाले फिक्कं दिखस," अक्का म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

नंतर बॅटरीचा उजेड या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, परत या डोळ्यावर. "नीट बघा," डॉक्टर मला म्हणाल्या. डाव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायची. उजव्यावर आला की ती आकसायचं सोडून हळूहळू मोठी व्हायची. अक्काला यातलं काही कळत नव्हतं. तिचा डोळा परस्परच आपलं दुखणं सांगत होता.

थेंब घालून बाहुल्या मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत तिची हनुवटी यंत्रावर टेकवली. डॉक्टर भिंग धरून कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर अक्काच्या डोळ्याचा तळ उमटला. केशरी, जवळजवळ सूर्यास्ताच्या रंगाचा, आणि त्यावर पसरलेल्या लाल शिरा. "शरीर न कापता रक्ताच्या शिरा अशा उघड्या बघायला मिळतात, त्या इथंच," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी दोन-तीन पांढुरके ठिपके दाखवले. "इथं रक्त कमी पडतंय. आम्ही याला कापसाचे बोळे म्हणतो."

जन्मभर कापूस वेचलेली अक्का पडद्याजवळ सरकली. "मना डोयामा कापूस?" ती हळूच म्हणाली.

दुखण्याचं नाव जायंट सेल आर्टरायटिस असावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, डोळ्याकडे जाणारं रक्त तुटतं. "आज उजवा आहे, उद्या डावाही जाऊ शकतो. सकाळी नजर परत आली, पण एकदा पुरती गेली की सहसा येत नाही. रक्त तपासायला घेऊ, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही."

त्याच दुपारी अक्काला दवाखान्यात दाखल करून सलाईनमधून स्टिरॉइड सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो, तर ती खाटेवर बसून केस विंचरत होती. डोकं दुखायचं थांबलं होतं. महिनाभर ठाण मांडून बसलेलं दुखणं एका रात्रीत उठून गेलं, यावर तिचाही विश्वास बसत नव्हता. ती पुन्हा पुन्हा कानशील चाचपत होती.

पुढच्या आठवड्यात जळगावला एका सर्जननी कानशिलातल्या शिरेचा छोटा तुकडा तपासायला काढला. डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला.

औषध सोपं नव्हतं. साखर वाढली, तोंड सुजलं, झोप उडाली. गोळ्या फार सावकाश कमी करायच्या होत्या, आणि दर वेळी डोळे तपासायचे होते. उजव्या डोळ्यात खालच्या बाजूला थोडं धुकं कायमचं राहिलं. डावा डोळा शाबूत राहिला.

परवाच्या तपासणीत फोटोत ते ठिपके कुठंच नव्हते. अक्कानं बराच वेळ फोटो निरखला आणि माझ्याकडे बोट केलं. "याना बी डोया दखा."

डॉक्टर हसल्या. बाहेर गर्दी नव्हती. मी हनुवटी टेकवली, लख्ख उजेड पडला. डोळ्यापुढचे हिरवे डाग विरल्यावर मी पडद्याकडे वळलो. तसाच केशरी तळ, तशाच फांद्या फुटलेल्या शिरा, आणि त्यांतून माझ्या नकळत चाललेलं माझं रक्त.

"चांगला शे ना?" अक्कानं विचारलं.

"चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या.

त्या फोटो बंद करायला गेल्या, तशी अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या घडीभर." आणि त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं बघत उभे राहिलो.