अमेरिकन गाडीचा दसरा

काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. डब्लिनजवळच्या एका कारखान्यात हृदयात बसवायच्या बारीक नळ्या तयार होतात. त्या कधी, कशा आणि कशामुळे दगा देतील हे आम्ही आधीच लिहून काढतो आणि मग एकेका धोक्याचा बंदोबस्त करतो. मी मुळातच भित्रा असल्यामुळे हे काम मला छान जमतं. २०२० साली मात्र ही यादी माझ्या घरातच शिरली. आई फेब्रुवारीत कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकली. तिचं वय बहात्तर, वर साखर आणि रक्तदाब. बायको ब्युमॉन्टला हॉस्पिटलात नर्स. ती कामावरून आली की मी दुसऱ्या खोलीतून तिचा श्वास ऐकत बसायचो. सात वर्षांची मुलगी नुसती शिंकली तरी मी थर्मामीटर घेऊन धावायचो.

त्या वर्षात मला भीती विसरायला लावणारा माणूस एकच होता, तो म्हणजे शेजारचे आयरिश आजोबा. सत्तरी ओलांडलेली, फुप्फुसं नाजूक, त्यामुळे सरकारने आणि डॉक्टरने त्यांना घरात कोंडलं होतं. स्वोर्ड्स गावातल्या आमच्या वसाहतीत मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. संध्याकाळी ते त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसत, मी माझ्या बाजूला उभा राही. विषय एकच, त्यांच्या गॅरेजमधली साठच्या दशकातली निळी अमेरिकन गाडी. तरुणपणी ते शिकागोला बसच्या गॅरेजात मेकॅनिक होते. तिथे त्यांनी ती जुनी म्हणून घेतली आणि परतताना जहाजातून घरी आणली. रंग कारखान्यातलाच, एकदाही नवा दिलेला नव्हता. हे ते मला आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

त्या गाडीच्या जन्माची कथा त्यांच्या तोंडून ऐकावी. बनवणाऱ्या कंपनीत नियम होता, मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं नाही. तिथल्या काही इंजिनिअरांनी डोकं चालवलं. नवी गाडी काढली तर वरून परवानगी लागते, पण जुन्याच गाडीवर हौशी गिऱ्हाइकासाठी जादा साहित्य द्यायचं तर कोण विचारतो? मग त्या जादा साहित्याच्या यादीत त्यांनी चक्क थोरल्या गाडीचं अख्खं इंजिनच घातलं. वरिष्ठांना पत्ता लागेपर्यंत पोरांनी दुकानांसमोर रांगा लावल्या होत्या. मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. पुढे विम्याचे हप्ते भडकले, धुराचे नियम आले, पेट्रोल महागलं आणि दहाएक वर्षांत सगळा खेळ आटोपला. "इंजिन दिलं थोरल्या गाडीचं," आजोबा हसून म्हणायचे, "पण ब्रेक बऱ्याच गाड्यांना धाकटीचेच मिळाले." मीही हसायचो. माझ्यासारख्या माणसाने ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यायला हवं होतं.

ऑक्टोबरात पुन्हा कडक बंदी आली. गाडी एका जागी उभी राहिली तर टायर बसतात, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ती वसाहतीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचं काम आजोबांनी मला दिलं. किल्ली त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर ठेवली. पहिल्या खेपेला मी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेलो. स्टिअरिंग डावीकडे आणि पुढचं बॉनेट आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा लांब. मला अपघाताची भीती वाटत नव्हती, भीती वाटत होती ओरखड्याची. पन्नास-पंचावन्न वर्षं जपलेला रंग माझ्या हातून जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

दुसरी खेप नेमकी दसऱ्याला आली. आई म्हणाली, "आपल्या दारातली गाडी पुजायची आन् त्यांची तशीच ठेवायची? बरं दिसतंय व्हय?" आजोबांना फोन केला, तर ते खूश. खिडकीत खुर्ची ओढून बसले. मी त्यांची गाडी बाहेर काढली आणि आपल्याकडे दसऱ्याला धुतात तशी धुतली. नळी लावून, खालून-वरून, एकेका चाकाच्या आत पाण्याची धार मारून चांगला अर्धा तास. आजोबा ती नेहमी कोरड्या फडक्याने पुसायचे. ते मी पाहिलं होतं, पण मला वाटलं म्हातारपणी वाकवत नसेल. आईने सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचा हार घातला. हळदकुंकू मी नंबरप्लेटवरच लावू दिलं, रंगाला डाग नको म्हणून. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आजोबांनी काचेमागून अंगठा दाखवला.

लिंबं चिरडत मी निघालो. आमचा रस्ता टोकाकडे उतरता आहे. मुलगी सायकल घेऊन फुटपाथवरून पुढे गेली होती, आई तिच्या मागून चालत होती. मी वेग घेतला नव्हता, पण ते इंजिन पाय न लावताही गाडी ओढतं. तेवढ्यात मुलगी फुटपाथवरून खाली उतरली, रस्त्याच्या मधोमध थांबली आणि माझ्याकडे वळून हात हलवायला लागली.

मी ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला नाही, चांगला घट्ट लागला, पण गाडी थांबली नाही. आणखी जोरात दाबला, दोन्ही पायांनी दाबला, तरी ती आपली चाललीच होती. हॉर्न कुठे आहे ते आठवेना. मुलगी अजून हसत हात हलवत होती, आणि तिचं तोंड मला काचेतून मोठं मोठं होत जाताना दिसत होतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि पुन्हा वाटली तर मी वाचणार नाही.

गाडी उजवीकडच्या घराच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळली. मुलगी तिथून दोन हातांच्या अंतरावर होती.

मी दार उघडून धावलो तेव्हा आजोबाही धावत येत होते, सपाता घालून, मास्क नाही, काही नाही. सात महिन्यांत त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडे, चुरगळलेल्या निळ्या पत्र्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते मुलीसमोर गुडघ्यांवर बसले.

"आय'म ग्रँड," ती इथल्या भाषेत म्हणाली, म्हणजे मी ठीक आहे, आणि मग रडायला लागली.

नंतर त्यांनी चाकाला हात लावून पाहिला. "ब्रेकचे ड्रम ओले आहेत. आतून भिजले की पकड राहत नाही. हळू चालवत ब्रेक दाबून वाळवावे लागतात. मी तुला सांगायला हवं होतं." मग माझा दंड धरून म्हणाले, "पण तू क्षणाचाही विचार न करता भिंत निवडलीस. शाबास."

पुढचे कित्येक महिने ही गोष्ट त्यांनी भेटेल त्याला सांगितली. माझ्या शेजाऱ्याने पोरीसाठी माझी गाडी बेधडक भिंतीवर घातली, असं ते अभिमानाने सांगत. बायकोने ती हॉस्पिटलात सांगितली. पत्रा ठोकून घ्यायलाही ते तयार नव्हते, ती खूण त्यांना हवी होती. मी प्रत्येक वेळी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. आई तिथेच असायची. ती माझ्याकडे बघायची.

२०२१च्या उन्हाळ्यात तिला परतीचं विमान मिळालं. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. मुलगी मागच्या सीटवर बसून राहिली आणि मी आईची बॅग दारापर्यंत नेली. तिने मास्क हनुवटीखाली ओढला.

"गाडी आदी डावीकडं वळवलीस रं तू," ती म्हणाली. "मी बघितलं."

तिने बरोबर पाहिलं होतं. डावीकडे मुलगी आणि उभी व्हॅन यांच्यामध्ये फट होती. तिच्यातून गाडी निघेल, ओरखडाही न येता निघेल, असं मला वाटलं होतं. तेवढ्या क्षणात मी गाडी वाचवत होतो. फट पुरणार नाही हे दिसल्यावर मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"हो," मी म्हणालो.

"मी कुणाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. माझ्या गालावरून हात फिरवून तिने मास्क नीट केला आणि आत गेली.

मी गाडीत येऊन बसलो. किल्ली लावली.

"बाबा, व्हॉट डिड आजी से?" मुलीने मागून विचारलं.

"गाडी जपून चालव म्हणाली," मी सांगितलं.