सुवार्ताचा पंखा आणि माझा कीबोर्ड

असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. वर्ध्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना संपली की मागच्या अंगणात चहा होतो. कप अर्धा व्हायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुवार्तानं काय केलं, ऐकलं का?" मग एकाला दुसरा आठवतो, दुसऱ्याला तिसरा. लोक हसतात, कौतुक करतात, घरी जातात. मीही घरी जाते आणि जळते.

सुवार्ता माझी शेजारीण, वयानं माझ्याएवढीच. ती दवाखान्यात नर्स आहे, मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. विश्वास माझाही आहे हो! फक्त माझा विश्वास दाराला कुलूप लावून झाल्यावर सुरू होतो. तिच्याकडे कुलूपच नाही.

आणि माझ्याकडे कीबोर्ड आहे, वाजवायचा. पगारातून मागे टाकून टाकून घेतलेला. आईनं त्याला मखमली कव्हर शिवलंय. उपासनेत मीच वाजवते, दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नाही. ऑटोतून नेताना मी कडेला बसते, कीबोर्ड मध्ये!

*

मे महिन्यातल्या एका दुपारी मी सुवार्ताकडे गेले. आत पाऊल टाकलं आणि किंचाळलेच. छतावरून काहीतरी काळं लोंबत होतं. मला वाटलं, साप!

"वायर हाय वं ते," सुवार्ता म्हणाली.

"पंखा कुठाय?"

"वडनेरले गेला."

"रिपेअरला? इतक्या लांब?"

"नाई, राह्यले गेला."

वडनेरला आमच्या मंडळीची सात-आठ घरं आहेत. ती माणसं टिनाच्या शेडखाली प्रार्थनेला बसतात. सुवार्ता अधूनमधून बसनं तिकडे जाते आणि जाताना घरातलं काही ना काही घेऊन जाते. तिची आई कोपऱ्यात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हिच्या बापानं पंखा घेतला, हिनं वारा वाटला!"

तक्रार करत होती म्हणावं, तर बाई हसत होती. त्या रात्री आमच्या कूलरसमोर झोपूनही मला घाम येत होता.

*

नाताळाच्या आधी आम्ही संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणायला जातो. निघताना बघते तर सुवार्तानं दार नुसतं लोटलेलं.

"अगं, चोर आले तर?"

"आले तं बसतील. चहासाखर समोरच ठेवली हाय."

सगळे हसले. मी मात्र तिसऱ्या घरापासूनच मागे फिरले, कारण आपलं कुलूप नीट लागलं की नाही तेच आठवेना. घरी येऊन कुलूप ओढून बघत होते, तेवढ्यात भिंतीवर कुणीतरी हललं. माझ्या हाताला असा झटका बसला की किल्ली आतच तुटली! हलली होती ती आमच्याच दारावरच्या कागदी ताऱ्याची सावली.

शेवटी शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं. त्यासाठी हातोडा कुठून आणला असेल? सुवार्ताच्या उघड्या घरातून.

*

तिला नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं शोरूम, स्वतःची कार, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. पोहे द्यायला मी मदतीला होते, म्हणून सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मुलगा म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

सुवार्तानं विचारलं, "तुमी दर रविवारी उपासनेले जाता का?"

"नाही हो. संडेला शोरूम जास्त चालतं."

"मंग चालू द्या," ती म्हणाली आणि पोह्यांची रिकामी प्लेट उचलून आत आली. झालं!

आत येऊन म्हणते कशी, "मानूस चांगला हाय. पन रविवारी मले घरीच बसवंन."

मी तिच्यावर एकाच दिवसात दोनदा जळले. आधी स्थळ आलं म्हणून, मग तिनं ते इतक्या सहज सोडलं म्हणून. मला अजून सायकलवाल्यानंसुद्धा विचारलेलं नाही. घरी सांगितलं तर आई हळहळली, "अवो माय! त्याले आपल्या घराकडं वळवाचं नाई का, जाता जाता?"

*

त्यानंतर प्रार्थनासभा आमच्या घरी होती. डोळे मिटून सगळे एकेक करून प्रार्थना करत होते. सुवार्ताची पाळी आली.

"प्रभू, वडनेरचे लोक डबा वाजवून गातात. त्याईले एखादं चांगलं वाद्य दे."

मी इतकी दचकले की मधेच जोरात "आमेन!" म्हणून गेले. म्हणजे प्रार्थना तिथंच संपावी, असा माझा प्रयत्न. पण ती काही थांबली नाही. मी एक डोळा उघडून कोपऱ्यात बघितलं. कीबोर्ड जागेवर होता. मी बसल्या बसल्या सरकत गेले आणि पलंगावरची चादर ओढून त्याच्यावर टाकली.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "काऊन वं, देवाले चादरीतून दिसत नाई का?"

"देवाचं नाही गं, मला सुवार्ताचं भ्याव वाटतं."

तिनं माझ्याकडे कधी मागितला नव्हता, हेही खरं. मागितला असता तर नाही म्हणता आलं असतं!

*

आता कापणीचा सण.

या सणाला आमच्यात प्रत्येकजण आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी आणून वेदीसमोरच्या लांब टेबलावर ठेवतो. तुरीच्या शेंगा, कोहळं, संत्री, कापसाची झोळी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला जातो. आणि नियम एकच, टेबलावर आलं ते देवाचं. ज्याला हवं त्यानं बोली लावून घ्यायचं.

त्या दिवशी माझ्या स्टँडचा पाय निखळला. शेवटचं गाणं झालं आणि मी कीबोर्ड पटकन जवळच्या टेबलाच्या कडेला टेकवला, कोहळ्यांशेजारी. म्हटलं, बाहेरून सुतळी आणते, पाय बांधते. परत आले तर लिलाव सुरू झालेला आणि बोली पुकारणाऱ्या प्रभुदासकाकांच्या दोन्ही हातांत माझा कीबोर्ड!

"आता हा बाजा! कव्हरासगट!"

"काका, तो माझा..." एवढंच म्हणायचं होतं. पण सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघत होती. कुणी टाळ्याही वाजवल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. मी हातातली सुतळी पाठीमागे लपवली.

पहिली बोली सुवार्ताची. अर्थातच, वडनेरसाठी.

माझा हात आपोआप वर गेला. तिनं वाढवली, मीही वाढवली. परत तिनं, परत मी.

काका म्हणाले, "अवो पोरीहो, लिलाव हाय का कुस्ती?"

शेवटी सुवार्ता हसली, रिकामे हात दाखवले आणि खाली बसली. माझा अख्खा पगार गेला आणि माझाच कीबोर्ड मला मिळाला. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी तो छातीशी धरला.

काका प्रत्येकाला विचारतात तसं त्यांनी मलाही विचारलं, "शीतलबाई, घरी नेता का देवाच्या कामाले देता?"

मी "घरी" म्हणणार होते. खरंच सांगते, घरीच म्हणणार होते.

"वडनेरले," मी म्हणाले.

माझ्याच आवाजानं मी दचकले. काकांना कीबोर्ड माझ्या हातातून काढून घ्यावा लागला, दोनदा ओढून. मग टाळ्या, गाणं आणि जेवणाच्या पंगती.

सुवार्ता ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी वाट बघत होते, आता आभार मानेल, पाठ थोपटेल. ती मात्र म्हणाली,

"शीतल, मले तुहा हेवा वाटून राह्यला."

"मजाक करते का माझी?"

"नाई वं. पंखा देला तवा मले काईच नाई वाटलं. ते शोरूमवालं सोडलं तवाबी नाई." तिनं माझ्या ताटाकडे बोट केलं. "तुहे हात तं आताही थरथरून राह्यले."

आणि स्वतःची भरीत-भाकर तशीच ठेवून ती माझ्या हातांकडे बघत बसली.