ट्रॅक्टरचं सीमोल्लंघन

आमच्या ट्रॅक्टरने पहिली जमीन नांगरली ती शेजारच्या लेल्यांची. लेल्यांनी तसं सांगितलेलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी ठाण्याच्या कचेरीत अव्वल कारकून होतो आणि शेतीशी माझा संबंध फक्त सात-बाराच्या उताऱ्यांपुरता. नौपाड्यातल्या आमच्या घरामागे लांबलचक परसू होतं, त्यात गवत आणि एरंड यांचं निष्कंटक राज्य. ते मोडून काढावं असं मला कधीही वाटलं नव्हतं. मग ट्रॅक्टर कशाला घेतला? खरं सांगायचं तर रविवारमुळे.

आमच्या हिला जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मालू, तिला कल्याणला दिलेली. सोमवार ते शनिवार कचेरीत निघून जायचे, पण रविवार अंगावर यायचा. एका माणसाच्या स्वयंपाकाला असा वेळ तो किती लागणार? मी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचो, आणि घड्याळात बघावं तर साडेनऊ! एका रविवारी संध्याकाळी दारावर आलेल्या दूधवाल्याशी बोलायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. आदल्या दिवसापासून मी एक शब्द बोललो नव्हतो. दूधवाला म्हणाला, "साहेब, मिठाच्या गुळण्या करा." केल्या. घसा काय, तो बराच होता.

अशात माघ महिन्यात मालूकडे गेलो असताना कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे तो दिसला. लढाई संपल्यावर तिथल्या छावणीतलं लष्करी सामान या लोकांकडे ढिगाने येऊन पडलं होतं. मी गेलो होतो मच्छरदाणी घ्यायला. (ती राहिलीच.) दोन चाकं, दोन लांब मुठी, मध्ये इंजिन आणि मागे माती उकरणारे दाते. बागेत माणसाने मागून धरून चालवायचा छोटा ट्रॅक्टर. सोबत तेलाने चिकटलेलं इंग्रजी पुस्तक. भंगारवाला म्हणाला, "चालत नाही." मी म्हटलं, "हरकत नाही." अशी गिऱ्हाइकं त्याला रोज मिळत नसावीत.

तो ठाण्याला आणला गणू पाटलाच्या बैलगाडीतून. ट्रॅक्टर गाडीत, बैल पुढे! नाक्यानाक्यावर लोक हसत होते. गणूच्या घराण्याची खाडीकाठी मिठागरं होती, भातशेती होती, आणि त्याचा स्वतःच्या बैलांखेरीज कशावरही विश्वास नव्हता. त्याने ट्रॅक्टरभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "बापू, यो बैल मेलाय. पन मना बगू दे." पुढच्या रविवारी तो सकाळी आठला हजर! हातात पाने, पक्कड आणि घरचं खोबरेल.

त्याच्या मागोमाग, ट्रॅक्टरची बातमी ऐकून, आले पाध्ये मास्तर. हे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. टेंभी नाक्याला कुठेसे राहायचे. इंजिनाची तत्त्वं त्यांना तोंडपाठ होती, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एक स्क्रू फिरवलेला नव्हता. ते खुर्चीत बसून पुस्तकाचं मराठी करून सांगायचे, गणू नेमकं उलटं करायचा, आणि मी चहा करायचो.

"पाटील, डावीकडे फिरवा म्हटलंय इथे."

"मास्तर, ते पुस्तक गोऱ्याचं. त्याचा डावा येगला."

काय सांगू, ते रविवार! दुपारी बाराला दोघे जायला उठले की माझ्या जिवावर यायचं. आठवडाभर मी पुढच्या रविवारच्या पोह्यांचा विचार करायचो.

आणि घात झाला. चौथ्या रविवारी इंजिन खोकलं! गणूने दोरी ओढताच फुर्र फुर्र करून धुराची एक गुंडाळी आली आणि बंद पडलं. गणू नाचला. मास्तरांनी टोपी उडवली. "पुढच्या रविवारी चालू झालाच म्हणून समजा!" मीही टाळ्या वाजवल्या. पण मनात वेगळंच आलं. चालू झाल्यावर हे दोघे कशाला येतील? चालणाऱ्या यंत्राकडे बघायला कोण येतो? अहो, पिठाच्या गिरणीत कोणी रविवारी पाहुणा म्हणून जातं का!

शनिवारी संध्याकाळी मी परसात गेलो, आजूबाजूला बघितलं आणि इंजिनात पेट्रोल सोडणारं पितळेचं इवलंसं जेट काढून घेतलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं असेल. ठेवायचं कुठे? गणू अडगळ उपसायचा, मास्तर पुस्तकांची कपाटं. मग देवघरात गेलो आणि हिच्या कुंकवाच्या करंड्यात ते खोल दाबलं. विधुराच्या घरी करंडा कोण उघडतंय? (पुस्तकातल्या जेटच्या चित्रावर रविवारी माझ्या हातून चहा सांडला. हात आपोआप थरथरला असं मी मास्तरांना सांगितलं.)

पुढचे सात महिने त्या दोघांनी तो ट्रॅक्टर इतक्यांदा खोलला आणि जोडला, की डोळे बांधूनही जमलं असतं. दर रविवारी मी ठरवायचो, आज सांगून टाकू. मग गणू म्हणायचा, "बापू, आज व्हनारच!" आणि मी चहाचं आधण ठेवायला आत जायचो. पाऊस आला, तेव्हा तिघांनी वर ताडपत्री बांधली आणि खाली बसून भजी खाल्ली. इतकं सुख मला सोसवत नव्हतं, पण सोडवतही नव्हतं.

दसऱ्याला मालू आली. एकटी नाही. बरोबर एक उंच, शांत गृहस्थ.

"बाबा, हे डिसूझा. आमच्या शेजारी राहतात. रेल्वेत फिटर आहेत. तुमचा ट्रॅक्टर आज दुरुस्त करून देणार. सणाची भेट, माझ्याकडून!"

मी घाईघाईने म्हटलं, "अगं, सणासुदीचा त्यांना त्रास कशाला?"

"त्रास काय साहेब," डिसूझा म्हणाले, "एक तासाचं काम."

एक तास! पूजेसाठी आलेले गणू आणि मास्तर कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. डिसूझांनी इंजिन उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "यात जेटच नाही. जेट नसेल तर जन्मात चालू होणार नाही." मी मनात सुटकेचा श्वास टाकला आणि चेहरा जमेल तितका पाडला. "अरेरे! आता कुठून आणायचं ते?"

"असू दे, आधी पूजा तर करू," मालू म्हणाली.

दसऱ्याची हत्यारांची पूजा. पाटावर पाने, पक्कड, हातोडी मांडली. मास्तरांनी ट्रॅक्टरचं पुस्तकही सरस्वती म्हणून पाटावर ठेवलं. ट्रॅक्टरला झेंडूचा भला मोठा हार. मालू म्हणाली, "कुंकू आणते हं," आणि आत गेली. ती कुंकू कुठून आणणार हे मला कळायला चार सेकंद उशीर झाला.

ती बाहेर आली ती करंडा घेऊनच. "बाबा, आईच्या करंड्यात हे काय?" तिच्या बोटांत लालभडक जेट!

"गुंडी असेल," मी म्हणालो.

"हेच तर ते!" डिसूझा म्हणाले. त्यांनी ते रुमालाने पुसलं, फुंकलं, आणि दोन मिनिटांत बसवलंसुद्धा. तेवढ्या वेळात मालूने हत्यारांना, पुस्तकाला आणि ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं. मास्तर माझ्याकडे बघायला लागले होते, पण तेवढ्यात डिसूझांनी दोरी ओढली आणि ट्रॅक्टरने अशी काही डरकाळी फोडली की लेल्यांच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

"मुहूर्त! मुहूर्त!" मास्तर ओरडले. मालूने आनंदाच्या भरात तबकातला उरलेला हार उचलला आणि समोर दिसला त्या दांड्याला अडकवला. हार वजनदार, दांडा ढिला. दांडा खाली आला, गिअर पडला, आणि ट्रॅक्टर निघाला!

गणूने धावत जाऊन मुठी धरल्या. "हो हो हो! थांब रं राजा!" त्याचे बैल या आवाजाला थांबतात. ट्रॅक्टर थांबेना. गणू मागून फरफटत चालला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की आठ महिने आम्ही ट्रॅक्टर चालू कसा करायचा यावर डोकं फोडलं, पण थांबवायचा कसा हे कोणी विचारलंच नव्हतं!

"मास्तर, पुस्तकात बघा!"

"कसं बघणार? पूजेत आहे! उत्तरपूजेआधी पुस्तक उघडत नाहीत!"

"अहो, लेल्यांचं कुंपण आलं!"

"शास्त्र म्हणजे शास्त्र, बापू!"

डिसूझा पक्कड घ्यायला पाटाकडे वळले. "थांबा!" मालू किंचाळली. "तिला हळदकुंकू वाहिलंय!" भला माणूस, जागच्या जागी हात जोडून उभा राहिला.

ट्रॅक्टर मेंदीच्या कुंपणातून आरपार गेला. पलीकडे लेले, निवृत्त पोस्टमास्तर, सोवळं नेसून सणाच्या फदफद्यासाठी अळूची पानं खुडत होते. त्या अळूवर त्यांनी पोटच्या पोरांवर केली नसेल इतकी माया केलेली. समोरून फुलांनी सजलेलं, कुंकू लावलेलं धूड गर्जत येताना बघून ते टुणकन धुण्याच्या दगडावर चढले.

"बापूसाहेब, हे काय आहे?"

मी धोतर सावरत पळत होतो. काय उत्तर देणार? म्हटलं, "नमस्कार!"

अळू गेलं. कर्दळ गेली. पण एक सांगतो, नांगराचा तास इतका सरळ पडत होता की गणूसुद्धा मागून ओरडला, "बापू, काय नांगरतंय यो!" शेवटी विहिरीच्या कठड्याला नाक लावून ट्रॅक्टर अडला आणि चाकं जागच्या जागी माती उडवत राहिली. डिसूझा सावकाश चालत आले, रुमालाने एक वायर उपटली. फट्. सगळं शांत झालं.

"इंजिन फर्स्टक्लास आहे साहेब," ते म्हणाले. "फक्त जेट कोणीतरी काढून ठेवलेलं."

"सीमोल्लंघन केलंत ते केलंत," लेले दगडावरून म्हणाले, "निदान आपल्या हद्दीत करायचं!" त्यावर एरवी आम्ही खो खो हसलो असतो. पण मास्तर माझ्याकडे बघत होते.

"बापू, तो करंडा तुमच्या घरात कोण उघडतं?"

"कोणी नाही."

"मग?"

मग मी सांगितलं. लेल्यांच्या उखणलेल्या अळवात उभं राहून, सगळ्यांसमोर. रविवार मला खायला उठतो, तुम्ही यायचं थांबाल अशी भीती वाटली, म्हणून काढलं. सांगताना आवाज पुन्हा त्या दूधवाल्याच्या दिवसासारखा झाला. मास्तर मागे फिरले. छत्री घेतली आणि गेले. गणू हात पुसत म्हणाला, "मना तरी सांगायचं व्हतं, बापू," आणि तोही गेला. मालू मात्र करंडा उराशी धरून स्वयंपाकघरात जाऊन रडली. संध्याकाळी निघताना म्हणाली, "कल्याणला चला." मी नाही म्हटलं. कल्याणलाही रविवार असतोच.

पुढच्या रविवारी मी साडेसहाला उठून पोहे भिजवले. आठ वाजले. नऊ वाजले. वर्तमानपत्र मुद्रकापर्यंत पोहोचलं. शेवटी परसात गेलो, लेल्यांकडून ढकलत परत आणलेल्या ट्रॅक्टरची वायर जोडली आणि एकट्याने दोरी ओढली. एका झटक्यात चालू! आठ महिने रखडलेलं परसू मी चाळीस मिनिटांत नांगरून काढलं. वा म्हणायला काळं कुत्रं नव्हतं. त्या काळ्याभोर, भुसभुशीत मातीकडे बघून मला इतकं वाईट वाटलं, की मी खाली बसलो.

आणि तिथे बसल्या बसल्या ध्यानात आलं, की या आठ महिन्यांत त्या दोघांनी एकही रविवार चुकवला नव्हता, पण मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. मास्तरांचं घर कुठलं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं! हातपाय धुऊन निघालो. टेंभी नाक्यावर एका वाण्याला विचारलं. त्याने जिना दाखवला.

दार मास्तरांनी उघडलं. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात छत्री. मागे खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक खुर्ची. त्यांच्याही घरी दुसरं कोणी नसतं हे मला त्या खुर्चीने सांगितलं.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," मास्तर चाचरत म्हणाले. "सकाळी आठपासून कपडे करून बसलोय. तुमच्याकडे यायचं तर काही बिघडलेलं नाही. म्हणणार काय?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "का? बिघडला का?"

"नाही. झकास चालतोय."

त्यांचा चेहरा पडला. "मग कसे आलात?"

मी म्हणालो, "सहज आलो."

मास्तरांनी ती एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. आमच्या नौपाड्यात हे दोन शब्द माणसं दिवसातून दहादा म्हणतात आणि कुणाच्याही घरी जाऊन बसतात. मला ते म्हणता यायला ट्रॅक्टर घ्यावा लागला!